हलका टेंट घेताय? मसाईवर फजिती व्हायच्या आधी या चुका टाळा

कोल्हापूरजवळ, पन्हाळ्याशेजारच्या मसाईच्या पठारावर पहिल्यांदा टेंट लावायला गेलो, तेव्हा अर्ध्या तासात सहा खुंट्या वाकवल्या. टेंट नवा कोरा, वजनाला सव्वा किलो, ट्रेकिंगच्या काठीवर उभा राहणारा. घरी काट्यावर ठेवून दोनदा वजन बघितलं होतं, एवढं कौतुक. पठारावर वर बोटभर माती, खाली जांभा दगड. खुंटी दोन इंच जायची आणि टण्ण आवाज. दगडानं जोर लावला की मान टाकायची. शेवटी तो सव्वा किलोचा टेंट पांघरून दोघं देवळाच्या आडोशाला पडलो.

माझी चूक टेंट हलका घेण्यात नव्हती. तो हलकेपणा कुठून काढलाय हे मी बघितलंच नव्हतं. टेंटचं वजन कमी करायच्या जागा मोजक्याच: दांड्या, कापड, आकार आणि बाहेरचं कव्हर, म्हणजे फ्लाय. आपल्या भागात यातल्या काही जागी वजन वाचवलेलं चालतं, काही जागी अजिबात नाही.

खुंटीशिवाय उभाच न राहणारा टेंट

काठीवर उभे राहणारे टेंट सगळ्यात हलके, त्या मानानं स्वस्तही. त्यांना स्वतःच्या दांड्या नसतात. पण उभं राहण्यासाठी त्यांना चारी बाजूंनी ताण लागतो आणि ताणाला खुंटी लागते. पन्हाळा, मसाई, आंबा घाट, गगनबावडा, जिकडं पठार तिकडं जांभा. म्हणून पहिला टेंट घेणाऱ्याला मी सांगतो: भावा, दोन दांड्या एकमेकींवर फुली मारतात तसा, स्वतःच्या पायावर उभा राहणारा घुमट घे. अर्धा-पाऊण किलो जास्त भरतो, पण कातळावर उभा राहतो. इंग्रजी वाय अक्षरासारखी एकच दांडी असलेले मधले प्रकारही मिळतात. ते डोक्याकडून उभे राहतात, पायाकडचे दोन कोपरे मात्र खुंटीनंच ताणावे लागतात. दुकानदार त्यालाही बिनधास्त ‘आपोआप उभा राहणारा’ म्हणतो. तेव्हा दुकानातच, फरशीवर, एकही खुंटी न लावता उभा करून दाखवा म्हणायचं.

काठीवाला टेंट आधीच घेतला असेल तर दगडांवर भागतं, पण नीट बांधता आलं पाहिजे. बरेच जण मोठ्या धोंड्यालाच दोरी गुंडाळतात. जांभा खरखरीत, भोकाभोकांचा. वाऱ्यानं दोरी त्यावर घासत राहते आणि पहाटेपर्यंत तुटते. त्याऐवजी नारळाएवढा एक दगड दोरीच्या फासात अडकवा आणि जमिनीवर ठेवा. त्याच्या पुढं, टेंटच्या बाजूला, दोरीवरच एक मोठा धोंडा टेकवा. वारा ओढायला लागला की छोटा दगड मोठ्याला जाऊन अडतो. दोरी धोंड्याखालून सरळ जाते, त्यामुळं घासणंही कमी. ही युक्ती मला मसाईच्या त्या रात्रीनंतर कळली. आधी कळली असती तर देवळाचा आडोसा शोधावा लागला नसता.

‘दोन माणसांचा’ म्हणजे कुठली दोन माणसं?

दोन माणसांचा टेंट साधारण 210 सेंटिमीटर लांब आणि 130 सेंटिमीटर रुंद असतो. हलक्या टेंटमध्ये पायाकडची रुंदी आणखी कमी करतात. झोपायची चटई 50 ते 60 सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन चटया टाकल्या की हातभरसुद्धा जागा उरत नाही. मग सॅक कुठं ठेवणार? आणि आपली तालमीतली खांद्यांची मापं वेगळीच.

घ्यायच्या आधी गच्चीवर खडूनं त्या मापाचा चौकोन आखा आणि दोघं सॅक घेऊन त्यात आडवे व्हा. शेजारी बघतील, बघू देत. नाहीच मावलात तर फ्लायखाली दाराबाहेर सॅक ठेवायला ओटीसारखी जागा असलेला टेंट शोधा. आणि दोघं असाल तर वजन वाटून घ्या: एकाकडं दांड्या आणि फ्लाय, दुसऱ्याकडं आतला टेंट. अडीच किलोचा टेंट असा सव्वा किलोचा होतो, एक रुपया जास्त न घालता.

अर्धी टोपी

तीन हजारांच्या आतल्या बहुतेक टेंटना वरच्या जाळीपुरती छोटी टोपी असते. वजन आणि पैसे दोन्ही वाचतात, आणि उरुळीच्या शेतात डिसेंबरात झोपायला काहीच अडचण नाही. पण गगनबावड्याकडं पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. टोपीखालून तो थेट जाळीत शिरतो. फ्लाय चारी बाजूंनी जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली यायला हवा. इथं वजन वाचवू नका.

लेबलवर 1500, 3000 असे मिलिमीटरचे आकडे असतात. 1500 म्हणजे त्या कापडावर दीड मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तर तोपर्यंत पाणी झिरपत नाही. फ्लायला एवढं पुरतं. तळाला जास्त हवं, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तेवढ्या जागेवरचा दाब पावसापेक्षा कितीतरी मोठा असतो. 3000 असेल तर उत्तम. पण आकडा कापडाचा असतो, पाणी येतं शिवणीतून. फ्लाय उलटा करा आणि शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का ते बोट फिरवून बघा. पट्टी नसेल तर 5000 चा आकडा नुसता शोभेला.

नवीन टेंट थेट डोंगरात नेऊ नका. गच्चीवर लावा, बागेच्या पाइपनं दहा मिनिटं पाणी मारा, मग आत जाऊन कोपरे चाचपा.

सकाळी आत ओलं: गळलं की घामलं?

‘टेंट गळतोय’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या तरी गळतीच्या नसतात. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात ग्लासभर पाणी सहज बाहेर पडतं. बाहेर गार पडलं की ते फ्लायच्या आतल्या बाजूला दव होऊन बसतं. ओळखायचं कसं? पाणी सगळीकडं सारखं, बारीक थेंबांनी पसरलं असेल तर तो आपलाच श्वास. एका शिवणीखाली किंवा एका कोपऱ्यात डबकं असेल तर गळती. पहिल्यावर उपाय म्हणजे वरची हवेची खिडकी उघडी ठेवणं. थंडी वाजते म्हणून लोक नेमकी तीच बंद करतात. आणि ओले कपडे आत वाळत घालू नका. एकाच थराच्या टेंटमध्ये हे दव थेट अंगावर पडतं, म्हणून आपल्या दमट हवेत दोन थरांचाच घ्या.

तिसरी शक्यता कापडाची. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला फ्लाय रात्री लोंबतो, आतल्या टेंटला चिकटतो आणि तिथून पाणी उतरतं. झोपायच्या आधी एकदा बाहेर येऊन दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिस्टर असं फारसं सैलावत नाही. थोडं जड असेल, पण आपल्या पावसाला मला तेच बरं वाटतं.

दांड्या

फायबरच्या दांड्या ॲल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट वजनाच्या भरतात आणि मोडल्या की उभ्या चिरफाळतात. बारीक कुसळं हातात घुसतात. बजेटमध्ये एकाच गोष्टीसाठी जास्त पैसे मोजणार असाल तर ॲल्युमिनियमच्या दांड्यांसाठी मोजा. ती वाकली तरी रात्र काढून देते.

मोडलीच तर वर चढवायला नळीचा तुकडा लागतो. बऱ्याच टेंटबरोबर तो येत नाही. मी दांडी घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं गेलो. त्यानं व्हर्नियर लावून माप घेतलं, दांडीवरून जेमतेम सरकेल अशी ॲल्युमिनियमची नळी शोधली आणि वीतभर तुकडा कापला. दोन्ही तोंडं कानशीनं घासूनही दिली, कारण धारदार कड राहिली तर ती फ्लायच फाडते. पैसे विचारले तर म्हणाला, ‘चहा पाजा.’ तो तुकडा आणि थोडी चिकटपट्टी आता कायम पिशवीत असते.

बर्फातल्या, चार ऋतूंच्या टेंटबद्दल लोक फार विचारतात. आपल्याकडं बर्फ पडत नाही. घेऊ नका.

आणि जुलैत पन्हाळा-पावनखिंड करणार असाल तर टेंटच नेऊ नका. त्या वाटेवर करपेवाडीसारख्या वाड्यांमध्ये मुक्कामाची सोय होते, आणि चिखलात भिजलेला टेंट दुसऱ्या दिवशी कोरड्यापेक्षा बराच जड भरतो. दाजीपूरच्या जंगलातही मनाला येईल तिथं टेंट ठोकता येत नाही. ते अभयारण्य आहे, वनखात्याला आधी विचारावं लागतं. गवा टेंटचं लेबल वाचत नाही.

जुना घेत असाल तर

हात फिरवण्याआधी वास घ्या. ओला गुंडाळून ठेवलेल्या टेंटचा आतला लेप कुजतो. कापड चिकट लागतं आणि आंबूस वास येतो. त्यावर घरगुती इलाज नाही, कितीही स्वस्त असला तरी परत द्या. चेन सरकते पण मागं दात उघडेच राहतात, हा दोष मात्र क्षुल्लक आहे. आधी जुन्या टूथब्रशनं लाल धूळ काढा, मग चेनच्या सरकपट्टीच्या दोन्ही बाजू पकडीनं अगदी हलक्या दाबा. जोरात दाबली तर तुटते, मी एक तोडलीय.

आणि पावसाळ्यातून आलात की घरी पोचल्या पोचल्या टेंट उघडायचा. आपल्याकडं तेव्हा आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, गच्ची उपयोगाची नाही. हॉलमध्ये पंख्याखाली, दोरी बांधून, दोन दिवस. पाहुणे नेमके त्याच दोन दिवसांत येतात.