आजीची बोली वहीत कशी उतरवली

माझी आजी निपाणीकडची. कोल्हापूरच्या गंगावेशीत आयुष्य काढलं, तरी राग आला की कन्नडवर जायची. "ही कसली भेसळ!" असं पाहुणे म्हणायचे, ते मला फार लागायचं. म्हणून तिचं बोलणं उतरवायला घेतलं. तुमच्याही घरची बोली खरंच मिश्र आहे का हे तपासायचं असेल तर असं करा.

आधी विचारा, मगच फोनवर रेकॉर्डिंग लावा. मेथी निवडताना माणूस मोकळं बोलतं. दहा मिनिटं पुरेत. लिहायलाच दोन तास जातात. ऐकलं तसंच लिहा. आई "मी आलो" म्हणते, ते मी सुरुवातीला "आले" केलं होतं. तसं करू नका. कन्नडमध्ये "मी"च्या क्रियापदाला लिंगभेद नसतो हे खरं, पण कोल्हापुरी बायकांचं "आलो" तिकडूनच आलं असं लगेच ठरवूही नका. नुसती नोंद ठेवा.

मग दोन पेन्सिली घ्या: शब्दाचा गाभा निळा, प्रत्यय लाल. "टेबलावर" यात गाभा इंग्रजी, प्रत्यय मराठी. ही साधी उसनवारी. पण इक्वाडोरमधल्या मेदिया लेंग्वा या भाषेत जवळपास ९० टक्के गाभे स्पॅनिश आणि प्रत्यय केचुआ या तिथल्या मूळ भाषेचे असतात. कॅनडातल्या मेती लोकांच्या मिचिफ भाषेमध्ये नामं फ्रेंच, त्यांचं स्त्रीलिंग-पुल्लिंगही फ्रेंच, आणि क्रियापदं तिथल्या मूळ रहिवाशांच्या क्री भाषेची, आपल्या सगळ्या गुंतागुंतीसकट. खऱ्या मिश्र भाषा या.

तिसराही प्रकार आहे, अगदी आपल्या शेजारी. मिरजेजवळच्या कुपवाडच्या मराठी, उर्दू आणि कन्नडवर गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली लिहिलं. तिथली मराठी "पाला जरा कापून घेऊन आलो", तर उर्दू "पाला जरा काट के ले के आया". कन्नड वाक्यही याच क्रमानं चालतं. बरेच शब्द आपापले राहिले, वाक्याची ठेवण मात्र एक झाली. म्हणून पेन्सिली झाल्यावर शब्दांचा क्रमही ताडून बघा.

शेवटी विचारायचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: बोलणाऱ्याला दोन्ही मूळ भाषा वेगवेगळ्या येतात का? मिचिफ बोलणाऱ्या अनेकांना ना फ्रेंच येते, ना क्री. मिचिफ हीच त्यांची भाषा. आजी मात्र निपाणीच्या भावाशी तासभर निव्वळ कन्नड बोलायची आणि वळून मला मराठीत चहा टाकायला सांगायची. म्हणून तिच्या वहीवर मी "मिश्र" लिहिलं नाही. "आजीची मराठी, आजीची कन्नड" असं लिहिलं.