अ‍ॅप फ्रेमवर्कचं सबस्क्रिप्शन: कार्ड टाकण्याआधीचा हिशेब

उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा स्टॉक, निपाणीच्या व्यापाऱ्याची वजनपट्टी, खानापूरकडच्या डेअरीचं दूध संकलन. बेळगाव भागात अशी अ‍ॅप करून देणारा बहुतेक वेळा एकटाच असतो. गिऱ्हाईक पैसे एकदाच देतं, विकतचं फ्रेमवर्क, म्हणजे ज्यावर अ‍ॅप बांधतात तो तयार सांगाडा, मात्र दर महिन्याला मागतं. फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्हवर भागत असेल तर ती फुकट आहेत, तिथंच राहा. पैसे भरायचेच असतील तर पुढचं बघून घ्या.

आधी विचारा, पैसे थांबवले की हातात काय उरतं? काही ठिकाणी फक्त नवीन बिल्ड (फोनवर टाकायची तयार फाइल) बंद होतं, गिऱ्हाइकाच्या फोनवरचं अ‍ॅप चालू राहतं. क्लाउडवरच्या लो-कोड (फारसा कोड न लिहिता काम करायच्या) साधनांत डेटाबेसही त्यांच्याकडेच असेल तर अ‍ॅपही बंद पडतं. म्हणून ट्रायलमध्येच सोर्स कोड उतरवून स्वतःच्या लॅपटॉपवर रिलीज बिल्ड काढून बघा, आणि कीस्टोअर फाइल (अपडेटवर सही करायची किल्ली) स्वतःजवळ ठेवा. जेटब्रेन्स कंपनीच्या कोड एडिटरसारखी सोय, म्हणजे सलग १२ महिने भरले की एक आवृत्ती कायमची आपली, ही रास्त अपेक्षा आहे. पण मोबाइलच्या कामात तिचा उपयोग फार टिकत नाही. गुगल प्ले दरवर्षी टार्गेट एपीआय, म्हणजे अँड्रॉइडच्या किमान कोणत्या आवृत्तीसाठी बांधलेलं हवं ती पातळी, वाढवतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅपला आणि अपडेटला एपीआय ३५ लागतो. जुनी आवृत्ती तिथवर पोचत नसेल तर अपडेट अडकतं.

दर कशावर लावलाय तेही वाचा. डेव्हलपरमागे असेल तर खर्च आपल्या हातात राहतो. इन्स्टॉलमागे असेल तर नाही. गेम बनवायचं इंजिन विकणाऱ्या युनिटीनं सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलवर फी जाहीर केली आणि वर्षभरानं मागे घेतली. भरताना अटींचं पान पीडीएफ करून ठेवा.

आता खरी किंमत. समजा दर महिना ३० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर २,५५० रुपये. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर परदेशी कंपनी १८ टक्के लावते: ४५९. झाले ३,००९. कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावरची बँकेची फी) ३.५ टक्के धरला तर १०५, त्यावर जीएसटी १९. एकूण ३,१३३, वर्षाला सुमारे ३७,६००. पाच गिऱ्हाइकं असतील तर प्रत्येकामागे ७,५२० रुपये. हा आकडा पहिल्या कोटेशनमध्येच वार्षिक देखभाल म्हणून वेगळ्या ओळीत लिहा. नंतर मागायला गेलं की ‘आधी बोलला नव्हता’ हेच ऐकावं लागतं. नोंदणी असेल तर कंपनीला जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) द्या. मग कर कंपनी लावत नाही, रिव्हर्स चार्जनं तुम्हीच सरकारला भरता.

वार्षिक प्लॅन स्वस्त दिसतो, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १५,००० रुपयांवरचं ऑटो-डेबिट दर वेळी ओटीपीशिवाय जात नाही. बँकेचा मेसेज २४ तास आधी येतो; तो हुकला की नूतनीकरण अडतं, आणि नेमकं त्याच दिवशी गिऱ्हाइकाला बिल्ड हवं असतं. तारखेच्या आठवडाभर आधीचा अलार्म लावा.

ट्रायलमध्ये एक चाचणी सोडू नका: मराठी आणि कन्नड दोन्हींत पावतीची पीडीएफ काढा. स्क्रीनवर अक्षरं नीट दिसतात, पण पीडीएफची कितीतरी पॅकेजेस जोडाक्षरं जुळवत नाहीत. ‘किलो’मधली वेलांटी क सोडून पलीकडे बसते, ‘व्यापारी’चा व्य फुटतो, कन्नड ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लागणारं अक्षर) खाली न जाता शेजारी येतं. हे पैसे भरल्यावर कळलं तर पावती सर्व्हरवर एचटीएमएलमधून काढावी लागते, आणि तो सर्व्हरचा खर्च वेगळा.

जीएसटी नोंदणी असेल तर बेळगावहून बिल करताना कर्नाटकातल्या निपाणीच्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ टक्के, महाराष्ट्रातल्या कागलच्याला आयजीएसटी १८ टक्के. अंतर थोडं, पण मध्ये राज्याची हद्द आहे.