शेताची मोजणी: अर्जाआधी टिपण आणि फाळणी हातात घ्या

बांधावरून कुरबूर सुरू झाली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "खासगी सर्व्हेअर बोलव, दोन तासांत सांगेल." सांगेल खरा, पण काय? टोटल स्टेशन किंवा रोव्हर ही मोजणीची यंत्रं लावून तो आज तुमच्या वहिवाटीत किती जमीन आहे ते मोजतो. हद्द कुठे होती, हे त्याला तुमच्या कागदांशिवाय कळत नाही. भूमी अभिलेख खात्याचा सही-शिक्का नसलेल्या नकाशावर कुठलाच शेजारी बांध सोडत नाही. दाव्यात विचारतात ती खात्याची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर खातं देतं तो नकाशा. खासगी माणूस लेआउट, कंटूर (चढउताराच्या रेषा), कुंपणाची लांबी यासाठी बोलवा. त्याचा दर एकरापेक्षा कोपरे किती, झाडी किती आणि जमिनीवर खुणा किती रोवून देणार यावर हलतो. म्हणून दर विचारताना खुणांची संख्या आणि नकाशाची संगणक फाइल देणार की नाही, हे लिहून घ्या. हद्दीसाठी मात्र तालुक्याचं उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालय.

सरकारी फी १ डिसेंबर २०२४ पासून बदलली. साधी, तातडी, अतितातडी हे जुने प्रकार गेले. आता नियमित आणि द्रुतगती एवढे दोनच. ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये; पुढच्या प्रत्येक २ हेक्टरला १,००० आणि ४,०००. महापालिका-नगरपालिका हद्दीत १ हेक्टरपर्यंत ३,००० आणि १२,०००. पुढे दर हेक्टरी १,५०० आणि ६,०००. म्हणजे गावाकडचा ४ हेक्टरचा गट नियमित मोजणीत ३,००० ला पडतो, द्रुतगतीत १२,००० ला. फी गटागटाची वेगळी लागते. शेजारी-शेजारी दोन गट आहेत म्हणून क्षेत्राची बेरीज करून हिशोब मांडू नका. पैसे चलनाने भरायचे आणि पावती जपायची. त्याशिवाय झाडी साफ करणारे मजूर, चुना आणि हद्दीचे दगड किंवा खांब हा खर्च अर्जदाराचा.

अर्ज ऑनलाइन, ई-मोजणीवर. ताजा ७/१२, ओळखपत्र, चतुःसीमा. यात अडण्यासारखं काही नाही.

अडतं ते पुढे. अर्जात मोजणीचा प्रकार निवडावा लागतो आणि जवळपास सगळे डोळे मिटून 'हद्द कायम' निवडतात. हद्द कायम म्हणजे अभिलेखात आधीपासून असलेली हद्द जमिनीवर दाखवणं. अभिलेखात ती नसेल तर भूकरमापक, म्हणजे खात्याचा मोजणी करणारा माणूस, दाखवणार काय? गटातले २० आर खरेदी केले, फेरफार झाला, ७/१२ वर नाव लागलं, म्हणून तुमचा तुकडा नकाशावर आला असं होत नाही. ७/१२ महसूल खात्याचा, नकाशा भूमी अभिलेखचा. पोटहिश्श्याची फाळणी, म्हणजे गटातल्या तुकड्याची वेगळी मोजणी आणि नकाशा, झालेली नसेल तर तुमच्या २० आरांना कागदावर चार बाजूच नाहीत. मग एक तर अख्ख्या गटाची बाहेरची हद्द मोजून मिळते आणि आतला वाद तसाच राहतो, नाही तर अर्ज निकाली निघतो आणि फी जाते. अशा वेळी पोटहिस्सा मोजणी मागायची. तिला सगळ्या सहधारकांची संमती लागते. ती मिळत नसेल तर मोजणी कार्यालयात खेटे घालून काही होणार नाही. रस्ता वाटपाच्या दाव्याचा आहे, हे आधीच पचवलेलं बरं.

म्हणून अर्जाआधी नकलेचा अर्ज करा. मागायचे कागद असे: मूळ सर्व्हे नंबरचं टिपण (जुन्या मोजणीचं मापांसकट रेखाचित्र), हिस्सा पडला असेल तर त्याची फाळणी, आणि एकत्रीकरण (जमिनीचे तुकडे जोडून गट पाडण्याची योजना) झालेल्या गावात ९(३), ९(४) चा उतारा, म्हणजे आजचा गट कोणत्या जुन्या सर्व्हे नंबरातून आला ते कळतं. कोकणातल्या बऱ्याच गावांत एकत्रीकरण झालेलंच नाही. तिथे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरावरच काम चालतं.

टिपणाचा एवढा आग्रह कशासाठी? कारण त्यात मापं आहेत: बाजूंची आणि आडव्या-उभ्या रेघांची, साखळी आणि आण्यांत. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा साधारण दोन फूट. गावनकाशात मापं नसतात, नुसत्या रेघा असतात. १ इंचाला २० साखळ्या या मापाच्या जुन्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळपास चार मीटर रुंद होते. शंभर मीटरच्या बांधाला चार आर इकडचे तिकडे! आणि लोक मोबाइलवर तोच नकाशा उघडून, निळ्या टिंबामागे चालत जाऊन शेजाऱ्याला "तू आत आलास" म्हणून सांगतात. फोनच्या जीपीएसची काही मीटरची चूक त्यात आणखी वेगळी. गट शोधायला ते ॲप ठीक, बांध शोधायला नाही.

मोजणीच्या दिवशीही हाच कागद उपयोगी. भूकरमापक आधी वहिवाट मोजतो, मग अभिलेखाची आकृती त्यावर बसवतो. ती कशाला धरून बसवली यावर हद्द दोन फूट सरकेल की दहा, हे ठरतं. नवीन तारकुंपणाला धरून बसवली तर चूक तिथेच शिरते. गावशिवेचा दगड, तीन शिवा मिळतात ती खूण, लगतच्या नंबरांचे न हललेले जुने बांध, टिपणात दिसणारी विहीर किंवा ओढा, अशा खुणा तुम्ही आदल्या दिवशी शोधून, झुडपं काढून मोकळ्या ठेवायच्या. भूकरमापकाला त्या रानात फिरून सापडतील ही आशा सोडा. नुसता तुमचा गट मोजून पुरत नाही. आजूबाजूच्या नंबरांच्या खुणाही घ्यायला सांगा, आणि ऐकलं नाही तर ती मागणी मोजणीच्या वेळी तुमचा जबाब घेतात त्यात लिहून द्या. कोऱ्या किंवा अर्धवट जबाबावर सही नको, कुणी कितीही घाई केली तरी.

चतुःसीमेत लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं आणि चालू पत्ते द्या. मयत माणसाच्या नावाने नोटीस परत येते, वारस म्हणतो आम्हाला कळवलंच नाही, आणि मोजणी पुन्हा वादात. नोटीस मिळूनही शेजारी आला नाही, तर त्याच्यासाठी काम थांबत नाही.

दिवाळीनंतर अर्ज टाका. उभ्या उसात खुणा दिसत नाहीत आणि दाट झाडीखाली रोव्हरला सिग्नल नीट मिळत नाही.

खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड रोवा, फोटो काढा, प्रत्येक दगडाचं विहिरीपासून किंवा घराच्या कोपऱ्यापासूनचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. 'उद्या रोवू' म्हणालात तर चुन्याची रेघ पहिल्या नांगरटीत जाते.

'क' प्रत हातात आली की मोजणी रजिस्टर नंबर, तारीख आणि हद्द व वहिवाट वेगळी दाखवली आहे का ते पाहा. पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते, त्यावर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. पटली आणि शेजारी आत आलेला दिसला, तरी अतिक्रमण काढून देणं भूकरमापकाचं काम नाही. त्यासाठी ती प्रत घेऊन वकिलाकडे जायचं.