बाहेरून आलेल्या पेशंटचा ताप: नव्या इंटर्नसाठी थोडा अनुभव

सांगली जिल्ह्यात प्रवासातून आलेला ताप म्हटलं की नवीन इंटर्नच्या डोळ्यासमोर दुबईवाला पेशंट येतो. पण विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी) माणसं केरळपासून आसाम-बंगालपर्यंत पसरलीत, दिवाळीला, जत्रेला गावी येतात आणि येताना कधीकधी मलेरिया घेऊन येतात. त्यांना "कुठं प्रवास केला का?" विचारलं की सरळ "न्हाई" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी तो प्रवास नसतोच, पोटापाण्याचं दुकान तिथं आणि गाव इथं. म्हणून मी विचारतो, "मामा, दुकान कुठल्या गावात हाय? इकडं कधी आलासा? ताप कवा चढला?" आणि तारखा केसपेपरवर वरच लिहितो.

निम्मं निदान या तारखांत आहे. तिकडून निघून १४ दिवस उलटल्यावर ताप सुरू झाला तर तिकडचा डेंगी बाद (इथला डास चावला असेल तर गोष्ट वेगळी). फ्लू १ ते ४ दिवसांत दिसतो. फॅल्सिपेरम मलेरिया डास चावल्यापासून आठवड्याच्या आत सहसा येत नाही, बहुतेकदा महिन्याभरात येतो, आणि व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार लिव्हरमध्ये दडून काही महिन्यांनीसुद्धा उठतो, त्यामुळं "येऊन लई दिवस झाले" म्हणून मलेरिया सोडायचा नाही.

खोकल्यानं मात्र भले भले फसतात. मलेरिया, टायफॉईड, स्क्रब टायफस, तिन्हीत खोकला असू शकतो, म्हणून एक्स-रे काढाच पण स्मिअरही (मलेरियासाठी काचेवरचा रक्ताचा थेंब) पाठवा, आणि पहिला निगेटिव्ह आला तर १२ ते २४ तासांनी परत, असे तीन. ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी. काख, जांघ, पायजम्याच्या नाडीखालची जागा कपडे बाजूला करून बघा, स्क्रबचा बारीक किडा चावतो तिथली काळी खपली दुखत नाही त्यामुळं पेशंट स्वतःहून सांगतच नाही. डेंगी नाही हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल.

सौदीहून येऊन १४ दिवसांच्या आत ताप, धाप असेल तर मर्स (उंटांकडून येणारा कोरोना विषाणूचा आजार) डोक्यात ठेवा, विशेषतः उंटाशी संबंध आला असेल तर. मास्क, वेगळी खोली, आरोग्य विभागाला फोन. केरळहून आलेला तापाबरोबर असंबद्ध बोलत असेल तर निपासाठी (वटवाघळांकडून येणारा, मेंदूला सूज आणणारा विषाणू) तेच, २०१८ ची कोझिकोडची साथ आठवा. धाप, गुंगी, लघवी कमी यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पाठवा.

आणि खोलीत सोबत झोपणाऱ्यांपैकी कुणाला ताप, खोकला आहे का हेही विचारा, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी टीबीसाठी पाठवा.