आरडीएसवरचा पोस्टग्रेस पॉवर बीआयला जोडताना: रस्ता, सर्टिफिकेट, गेटवे

पॉवर बीआय डेस्कटॉपवर (लॅपटॉपवरच्या ॲपमध्ये) सगळं चालतं, रिपोर्ट पब्लिश होतो आणि दुसऱ्या दिवशी आकडे कालचेच दिसतात. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या साधनाला क्लाउडमधला डेटाबेस जोडणाऱ्यांची ही नेहमीची अडचण. डेस्कटॉप डेटाबेसपर्यंत जातो तो तुमच्या लॅपटॉपवरून. शेड्यूल्ड रिफ्रेश (ठरलेल्या वेळी आपोआप डेटा ताजा करणं) मात्र मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सर्व्हिसकडून होतो आणि त्याची वाट वेगळी असते. म्हणून जोडणी पहिल्यापासून सर्व्हिसच्या वाटेनेच उभी करावी. इथे ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेवरचा पोस्टग्रेस डेटाबेस धरला आहे. मायएसक्यूएल असेल तर पोर्ट ५४३२ ऐवजी ३३०६. कामाचा क्रम तोच.

आधी रस्ता मोकळा करा

आरडीएसच्या सेटिंगमध्ये 'पब्लिक ॲक्सेस' बंदच ठेवा. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (ॲमेझॉनच्या फायरवॉल नियमांत) ०.०.०.०/०, म्हणजे कुठलाही आयपी, टाकून पोर्ट जगाला उघडा करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो मानू नका, कारण उघडं पोर्ट शोधणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात आणि मग तुमच्या डेटाच्या आड फक्त एक पासवर्ड उरतो.

त्याऐवजी डेटाबेसच्याच व्हीपीसीमध्ये (ॲमेझॉनमधल्या तुमच्या खासगी नेटवर्कमध्ये) एक विंडोज ईसी२ मशीन (भाड्याचा सर्व्हर) घ्या आणि त्यावर ऑन-प्रिमायसेस डेटा गेटवे, म्हणजे सर्व्हिस आणि डेटाबेस यांच्यातला दुवा, बसवा. क्लाउडमधल्या मशीनवरही हाच गेटवे चालतो, त्याच्या नावाने गोंधळू नका. गेटवे स्वतःहून बाहेर कनेक्शन काढतो, त्यामुळे पॉवर बीआयसाठी या मशीनवर आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही. प्रायव्हेट सबनेटमधून (इंटरनेटला थेट न जोडलेल्या भागातून) बाहेर जायला नॅट (फक्त बाहेर जाण्याची वाट) असलं की झालं. मग डेटाबेसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये एकच इनबाउंड नियम घाला: टीसीपी ५४३२, सोर्स म्हणून गेटवे मशीनचा सिक्युरिटी ग्रुप. इथे आयपी देऊ नका. मशीन बदललं तर आयपी बदलेल, ग्रुप तोच राहील.

पुढे जाण्याआधी गेटवे मशीनवर पॉवरशेल उघडून 'टेस्ट-नेटकनेक्शन' कमांडला आरडीएसचा एंडपॉइंट आणि पोर्ट देऊन तपासा. 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड' समोर 'ट्रू' आलं पाहिजे. नाही आलं, तर कसं नाही आलं ते बघा. बराच वेळ थांबून टाइमआउट होत असेल तर सिक्युरिटी ग्रुप किंवा राउट टेबल तपासा. सिक्युरिटी ग्रुप नको असलेलं पॅकेट गपचूप टाकून देतो, नकार कळवत नाही. क्षणात 'रिफ्यूज्ड' आलं तर मशीन सापडलं आहे, पोर्ट चुकलं आहे. आणि पासवर्ड चुकल्याची तक्रार थेट डेटाबेसकडून आली, तर नेटवर्क ठीक आहे. त्याला पुन्हा हात लावू नका.

रिपोर्टसाठी वेगळा युजर

मास्टर युजरने जोडणी करू नका. फक्त वाचणारा वेगळा रोल (डेटाबेसचा युजर) बनवा. त्याहून चांगलं म्हणजे 'रिपोर्टिंग' नावाची वेगळी स्कीमा (डेटाबेसमधला कप्पा) करून तिच्यात व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) ठेवा. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू मुळात त्याच्या मालकाच्या परवानगीने मूळ टेबल वाचतो, त्यामुळे नव्या रोलला मूळ टेबलांवर काहीच हक्क द्यावा लागत नाही. पगार, फोन नंबर असले कॉलम व्ह्यूमध्ये घेतलेच नाहीत, तर ते रिपोर्टपर्यंत पोचण्याचा प्रश्नच उरत नाही.

या रोलला डेटाबेसवर 'कनेक्ट', स्कीमावर 'यूसेज' आणि त्यातल्या सगळ्या टेबल-व्ह्यूंवर 'सिलेक्ट' द्या. चौथी पायरी हटकून राहते: 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस'. ती नसेल तर आज बनलेल्या व्ह्यूवर हक्क मिळतो आणि उद्याच्या व्ह्यूवर 'परमिशन डिनाइड' येतं. त्यातही एक मेख आहे. ही कमांड ज्या रोलने चालवली, त्याच रोलने पुढे बनवलेल्या गोष्टींना ती लागू होते. मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्ट) दुसऱ्या युजरने चालत असतील तर 'फॉर रोल' लिहून त्या युजरचं नाव द्यावं लागतं. रोज रात्री टेबल ड्रॉप करून नव्याने बनवणारा जॉब असेल तर रिफ्रेश रोज पहाटे का पडतो, त्याचं उत्तर बहुतेक इथेच सापडतं.

रोलवरच 'स्टेटमेंट टाइमआउट' (एका क्वेरीला जास्तीत जास्त किती वेळ) लावून ठेवा. दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. कनेक्शन लिमिटही घाला, पण दोन-तीनवर आवळू नका. पॉवर बीआय अनेक टेबलं एकाच वेळी भरतो आणि प्रत्येकासाठी वेगळं कनेक्शन लागू शकतं. लिमिट कमी पडलं की 'टू मेनी कनेक्शन्स फॉर रोल' अशी एरर येते.

सर्टिफिकेट: बहुतेक जण इथेच अडतात

आरडीएसवर पोस्टग्रेस १५ पासून 'आरडीएस.फोर्स_एसएसएल' हे पॅरामीटर मुळातच १ असतं, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय आलेलं कनेक्शन सर्व्हर घेत नाही. तेव्हा एरर येते ती अशी: 'नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री', आणि शेवटी 'नो एन्क्रिप्शन'. लोक पहिले शब्द वाचून ती फाइल शोधायला लागतात. आरडीएसमध्ये ती फाइल तुमच्या हातात नसतेच. वाचायचे ते शेवटचे दोन शब्द.

पॉवर बीआय एन्क्रिप्शन मागतो आणि सर्व्हरचं सर्टिफिकेटही तपासतो. तिथे दुसरी एरर भेटते: 'द रिमोट सर्टिफिकेट इज इनव्हॅलिड अकॉर्डिंग टू द व्हॅलिडेशन प्रोसिजर'. सर्टिफिकेट खराब नसतं. ज्या सर्टिफिकेट ऑथॉरिटीने ते दिलं, ती आरडीएसची स्वतःची आहे आणि विंडोजच्या विश्वासू यादीत ती नाही. ॲमेझॉनच्या आरडीएस ट्रस्ट स्टोअरमधून 'ग्लोबल बंडल' उतरवा. ते पेम फाइलमध्येही मिळतं, पण विंडोजसाठी 'पी७बी' प्रकारची फाइल घ्या, कारण तिच्यातली सगळी सर्टिफिकेटं एकदम इम्पोर्ट होतात.

इम्पोर्ट कुठे करता याला फार महत्त्व आहे. 'सर्टएलएम.एमएससी' उघडा, ते लोकल कॉम्प्युटरचं स्टोअर आहे. तिथे 'ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज'वर राइट क्लिक करून 'ऑल टास्क्स' आणि मग 'इम्पोर्ट'. फाइलवर डबल क्लिक करून इम्पोर्ट केलं की विझार्ड 'करंट यूजर' सुचवतो. ते स्वीकारलं तर तुमच्या लॉगिनला चालेल, पण गेटवे स्वतःच्या सर्व्हिस अकाउंटखाली चालतो आणि त्याला तुमचं स्टोअर दिसत नाही. इम्पोर्ट झाल्यावर गेटवे सर्व्हिस रीस्टार्ट करा. ज्या लॅपटॉपवर डेस्कटॉप वापरणार, तिथेही हेच करावं लागतं.

सर्टिफिकेट टाकूनही तीच एरर येत असेल तर सर्व्हरच्या नावाकडे बघा. सर्टिफिकेट आरडीएसच्या एंडपॉइंटच्या नावावर असतं. तुम्ही आयपी, स्वतःचं सीनेम (डीएनएसमधलं टोपणनाव) किंवा एसएसएच टनेलमुळे 'लोकलहोस्ट' लिहिलं असेल तर नाव जुळत नाही. डेटा सोर्स सेटिंगमधला एन्क्रिप्शनचा टिक काढून टाकणं हा उपाय नव्हे. १५ आणि पुढच्या आवृत्त्यांवर तो मूळ सेटिंगमध्ये चालणारही नाही.

गेटवे आणि नावांची जुळणी

गेटवे बसवताना 'स्टँडर्ड मोड' निवडा. पर्सनल मोड एकाच माणसाच्या खात्याला बांधलेला असतो. मायक्रोसॉफ्टची शिफारस ८ कोअर आणि ८ जीबी रॅमची आहे. रिकव्हरी की जपून ठेवा; तिच्याशिवाय गेटवे दुसऱ्या मशीनवर हलवता येत नाही.

डेस्कटॉपमध्ये 'गेट डेटा'मधून पोस्टग्रेसचा कनेक्टर निवडून सर्व्हर आणि डेटाबेसचं नाव द्या. मग सर्व्हिसमध्ये 'मॅनेज कनेक्शन्स अँड गेटवेज'मध्ये नवं कनेक्शन करताना तीच नावं अक्षर न् अक्षर तशीच लिहा. एकीकडे शेवटी पोर्ट आणि दुसरीकडे नुसता एंडपॉइंट, एवढ्या फरकानेही जुळणी फसते. शेवटी सेमँटिक मॉडेलच्या (रिपोर्टमागच्या पब्लिश झालेल्या डेटाच्या) सेटिंगमध्ये जाऊन हे कनेक्शन मॉडेलला जोडा.

इम्पोर्ट की डायरेक्टक्वेरी?

आधी इम्पोर्ट, म्हणजे डेटाची प्रत मॉडेलमध्ये आणणं. प्रो लायसन्सवर दिवसाला ८ शेड्यूल्ड रिफ्रेश आणि मॉडेलला १ जीबीची मर्यादा आहे; बहुतेक व्यवसायांच्या रिपोर्टना तेवढं पुरतं. डायरेक्टक्वेरीत प्रत घेतली जात नाही; पानावरचा प्रत्येक व्हिज्युअल (चार्ट किंवा तक्ता) डेटाबेसला किमान एक क्वेरी पाठवतो, म्हणजे सोमवारी सकाळी दहा जणांनी बारा व्हिज्युअलचं पान उघडलं की शंभरावर क्वेरी एकदम येतात. मिनिटामिनिटाचा ताजा आकडा खरंच लागत असेल तरच तिकडे वळा, आणि तेव्हा रीड रेप्लिका (मुख्य डेटाबेसची फक्त वाचण्यासाठीची प्रत) वापरा. रेप्लिकावर लांबलेली क्वेरी 'कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी' म्हणून मारली जाऊ शकते. अशा वेळी 'मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले' वाढवा. 'हॉट_स्टँडबाय_फीडबॅक' चालू केलं तरी भागतं, पण मग मुख्य डेटाबेसवर मेलेल्या (जुन्या झालेल्या, पण साफ न झालेल्या) ओळी साचत जातात.

मोठ्या टेबलांना इन्क्रिमेंटल रिफ्रेश (सगळं टेबल न आणता फक्त अलीकडच्या काळाचा डेटा पुन्हा आणणं) लावताना तारखेच्या 'रेंजस्टार्ट'ला 'मोठं किंवा समान' आणि 'रेंजएंड'ला फक्त 'लहान' अशी अट घाला. दोन्हीकडे 'समान' ठेवलं तर सीमेवरच्या ओळी दोनदा येतात. हा फिल्टर खाली डेटाबेसपर्यंत पोचतो ना, हेही बघा. पॉवर क्वेरीतल्या शेवटच्या स्टेपवर राइट क्लिक केल्यावर 'व्ह्यू नेटिव्ह क्वेरी' चालू दिसली तर पोचतो. ती करडी असेल तर बहुधा सगळं टेबल आधी उतरतं आणि मग गाळलं जातं. फिल्टर आणि कॉलम निवड सुरुवातीला घ्या, इंडेक्स कॉलमसारख्या स्टेप शेवटी.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

पोस्टग्रेसला 'एबी१' कॅपिटलमध्ये आणि स्मॉलमध्ये हे दोन वेगळे कोड वाटतात, पॉवर बीआयच्या मॉडेलला मात्र एकच. म्हणून प्रायमरी की असूनही रिलेशनशिप करताना 'डुप्लिकेट व्हॅल्यूज' येतं. सोळा अंकांहून लांब आयडी व्हिज्युअलमध्ये शेवटच्या अंकांत बिघडतात. ते व्ह्यूमध्येच टेक्स्ट करून द्या. 'डेटटाइम.लोकलनाऊ' ज्या मशीनवर चालतं तिथली वेळ देतं, आणि गेटवेचं ईसी२ मशीन मुळात यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, त्यामुळे 'आज'चा फिल्टर लॅपटॉपवर एक आणि सर्व्हिसमध्ये दुसरंच उत्तर देऊ शकतो. तारखेचा हिशोबही व्ह्यूमध्येच, टाइम झोन लिहून करावा.

पहिला रिफ्रेश चालू असताना पोस्टग्रेसमधली 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' (चालू कनेक्शनची यादी) उघडून बघा: युजर वाचणारा रोलच आहे का, क्लायंटचा पत्ता गेटवेचाच आहे का. 'पीजी_स्टॅट_एसएसएल'मध्ये एन्क्रिप्शनही कळतं. रिफ्रेश लागोपाठ चार वेळा पडला की शेड्यूल आपोआप बंद होतं, त्यामुळे फेल झाल्याचा मेल एकाच माणसाला न जाता टीमच्या पत्त्यावर जाईल असं ठेवा. आणि डेटाबेसचा पासवर्ड बदलला की तो गेटवेच्या कनेक्शनमध्येही त्याच वेळी बदला.