मदतकार्य करणारी संस्था कशी पारखावी?

पूर आला, वस्तीला आग लागली किंवा दरड कोसळली की अनेक संस्था मदतीचे आवाहन करतात आणि आपण वाटपाची छायाचित्रे पाहून पैसे पाठवतो. वास्तविक मदतकार्य हाही समाजकल्याणाचाच कार्यक्रम आहे. त्यामुळे रेशन किंवा घरकुल योजनेबद्दल जे प्रश्न आपण सरकारला विचारतो, तेच संस्थेलाही विचारले पाहिजेत.

आधी कागदपत्रे पाहावीत. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची (ट्रस्टची) नोंदणी १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे होते. मुंबईत हे कार्यालय वरळीला आहे. संस्थेकडे नोंदणी क्रमांक आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत. नोंदणीवरून संस्था कायदेशीर आहे एवढेच कळते, कामाचा दर्जा कळत नाही.

हिशेबात प्रशासकीय खर्चावर बोट ठेवण्याची सवय अनेकांना असते. परदेशी देणगीच्या बाबतीत परदेशी देणगी नियमन कायद्याच्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने या खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तरीही कमी खर्च म्हणजे चांगले काम, असे मी मानत नाही, कारण घरोघर फिरून पाहणी करणारी माणसे पगाराशिवाय मिळत नाहीत आणि पाहणीत काटकसर केली की मदत भलत्याच दारी जाते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे: लाभार्थ्यांची यादी कोणी आणि कशी केली, हे विचारावे. मिठी नदीकाठच्या वस्त्यांत काही घरांत भाडेकरू राहतो आणि मालक दुसरीकडे. रेशनकार्ड किंवा वीजबिल पाहून यादी केली, तर सामान वाहून गेलेल्या भाडेकरूचे नाव तिच्यात येत नाही आणि दुसरीकडे राहणाऱ्या मालकाचे मात्र येते. स्थानिक कार्यकर्त्याने दिलेली यादी संस्थेने जशीच्या तशी वापरली की स्वतः पडताळली, वगळलेल्यांना तक्रार करण्याची सोय होती का आणि तक्रारीनंतर किती नावे नव्याने घातली, याची उत्तरे लेखी मागावीत. एकही नाव वाढले नसेल तर मला शंका येते.

मग वस्तू तपासाव्यात. शेगडी वाहून गेलेल्या घरात डाळ-तांदळाचे किट पोहोचले तर ते शिजवायचे कशावर? तेथे पहिले काही दिवस तयार जेवण, ताडपत्री, सुके अंथरूण आणि सॅनिटरी पॅड लागतात. निवाऱ्याची पाहणी करताना ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय निकषांचा आधार घेता येतो: माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी आणि कमाल २० माणसांमागे एक शौचालय. महापालिकेच्या शाळेत हलवलेल्या कुटुंबांसाठी हे मोजणे कोणालाही जमते.

शेवटी, सहा महिन्यांनंतरचा अहवाल मागावा. किती किटे वाटली यापेक्षा किती मुले शाळेत परतली, किती घरांचा रोजगार सुरू झाला आणि उपचारासाठी कोणाला कर्ज काढावे लागले, हे त्यात असावे. शक्य असल्यास वस्तीत जाऊन संस्थेने न सुचवलेल्या दोन-तीन कुटुंबांशी, त्यांची हरकत नसेल तर, बोलावे. देणगी मोठी असेल तर निम्मी रक्कम आधी द्यावी आणि उरलेली हा अहवाल वाचल्यावर.