म्युनिकमधल्या विद्यार्थ्यांसाठी स्वस्त शनिवार-रविवार
नाशिकहून शिक्षणासाठी म्युनिकला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी शहरांची सहल शक्यतो पाच जणांच्या गटाने आखावी, कारण ‘बायर्न तिकीट’ या एका दिवसाच्या तिकिटावर जास्तीत जास्त ५ जण बव्हेरिया या जर्मन राज्यातील (म्युनिक याच राज्यात आहे) प्रादेशिक गाड्यांतून, अगदी सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियातील साल्झबुर्गपर्यंत, हवा तितका प्रवास करू शकतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च खूपच कमी होतो. तिकिटावर सर्वांची नावे लिहावीत. आयसीईसारख्या जलद गाड्यांत ते चालत नाही. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्याने पाव आणि फळे शनिवारीच घ्यावीत. घरून आणलेला नाशिकचा चिवडा अशा वेळी फार उपयोगी पडतो. म्युनिकमध्येच थांबल्यास आल्टे पिनाकोथेक हे चित्रसंग्रहालय रविवारी अवघ्या १ युरोत पाहता येते.